भोपळ्याच्या बियाची शंका

"...मग तो भोपळा चालतो की नाही, बुवा? तेवढं एकदा सांगून टाका!"

रंगोबुवांनी कपाळाला हात लावला. दुपारपासूनचा हा सातवा प्रश्न. टेकडीवरच्या मठात शिकायला येणारा भालचंद्र हुशार खरा, पण त्याच्या हुशारीनं डोकं उठायचं.

ऋषिपंचमी होती. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, माणसाच्या हातानं पिकवलेलं तेवढंच खायचं, हा त्या दिवसाचा नेम. भालचंद्राला तो तोंडपाठ. शंका एवढीच, की त्याच्या घरच्या परसातल्या भोपळ्याचं बी शेजाऱ्याच्या शेतातलं होतं आणि ते शेत बैलांनी नांगरलेलं. तेवढ्यापायी त्यानं म्हाताऱ्या आईला अजून घास घेऊ दिला नव्हता. यमुनाक्का खांबाला टेकून बसल्या होत्या. ओठ पार सुकले होते.

"दोष लागला तर आईचं व्रत फुकट जाईल ना!"

"अरे बाबा, ती चक्कर येऊन पडली म्हणजे?"

"मला काही होत नाही," अक्का पुटपुटल्या. "त्याचं समाधान होऊ दे."

आता मात्र बुवांची तार सटकली. हातातली जपमाळ त्यांनी बाजूला टाकली.

"वाफे कुणी खणले?"

"आईनं. कुदळीनं! नांगर लावूच दिला नाही मी." भालचंद्र ऐटीत म्हणाला.

"पाणी?"

"तिनंच. कळशीनं. मोट नाही की पंप नाही."

"भाजी चिरली, शिजवली?"

"आईनंच."

"आणि हे पातेलं टेकडीवर?"

"आईनं... माझ्या हातात पंचांग होतं."

बुवा उठले.

अक्कांसमोर जाऊन बसले. त्यांचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. तळव्यांना जाड घट्टे पडले होते. बुवांनी पातेल्यातली भाजी द्रोणात वाढली आणि द्रोण त्या हातांत ठेवला.

"खा, माई. पोटभर खा."

अक्कांनी मुलाकडे पाहिलं आणि मग घास घेतला.

भालचंद्राचा चेहरा खुलला. "म्हणजे चालते! सुटलो बुवा एकदाचा. मलाही वाढा." त्यानं द्रोण पुढे केला.

बुवांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"तुला चालत नाही."

"मला का नाही? यात बैल तर कुठेच..."

"भालचंद्रा, तुझ्यापुरती ही सगळी भाजी बैलाच्याच कष्टाची आहे."