खुराड्याचा मागचा कोपरा

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. तिथे हैबती नावाचा एक हौशी माणूस राहत असे. कुठलेही काम तो मोठ्या उत्साहाने सुरू करी. थोडेसे उरले, की "झालं!" म्हणून हात धुऊन मोकळा होई. त्याची बायको तानूबाई या "झालं"ला अगदी विटली होती.

त्या वर्षी मानमोडीची साथ आली आणि तिच्या कोंबड्या पटापट मेल्या. उरली कवडी नावाची एकच कोंबडी आणि एक कोंबडा. कवडीची अकरा अंडी तानूबाईने भुशात जपून ठेवली. एकही तव्यावर जाऊ दिले नाही. त्यांतून पिले निघाली तरच अंगण पुन्हा भरणार होते.

हैबतीने जुन्या फळ्या ठोकून नवे खुराडे केले.

"अहो, लाकूड जुनं आहे. फटीत पिसवा राहतात," तानूबाई म्हणाली. "आधी आतल्या सगळ्या फटी बुजवा. मग कडुनिंबाचं तेल घालून चुना द्या. अगदी मागच्या कोपऱ्यापर्यंत."

हैबती दारापाशी बसला. हात पोचला तिथवर त्याने फटी लिंपल्या, पांढराशुभ्र चुना दिला. मागच्या कोपऱ्यासाठी मात्र पालथे पडून आत सरकावे लागणार होते. दारातून तो कोपरा दिसतही नव्हता. हैबती उठला. शेजारच्या गेनूतात्यांना बोलावून त्याने खुराडे दाखवले.

"वा! अरे, हे तर देवघरच झालं!" तात्या म्हणाले.

तानूबाईचे गुडघे दुखत. तिला वाकून बघता येईना.

"कोपऱ्यात हात पोचला का?" तिने विचारले.

"पोचला."

"फटी बुजवल्या?"

"अगं, किती वेळा विचारशील? झालं!"

कवडी खुडूक झाली, अंडी उबवायला जागा शोधू लागली. तानूबाईने अंड्यांची पाटी आत ठेवली. पण दारातल्या उजेडात कवडी बसेना. म्हणून काठीने पाटी मागच्या कोपऱ्यात सरकवावी लागली. तेव्हा हैबतीला तिथल्या न बुजवलेल्या फटी आठवल्या. अजूनही एक शब्द बोलला असता तर वेळ गेली नव्हती. पण त्याने खुराड्याचे दार ओढून घेतले.

बाराव्या दिवशी सकाळी कवडी अंगणात उभी होती. तुरा पांढरा पडलेला, पिसे विस्कटलेली. पाटीतली अंडी गार पडली होती.

हैबतीने तिला तीनदा आत ढकलले. तिन्ही वेळा ती बाहेर आली.

"या कोंबडीला अक्कलच नाही!" तो वैतागून म्हणाला. "एवढं रंगवलेलं घर, आणि हिला नको!"

"मग तुम्हीच जाऊन बसा!" तानूबाई कडाडली.

हैबती रागारागाने पालथा पडला आणि मागच्या कोपऱ्यापर्यंत सरकला. घटकाभरही टिकला नाही. मान, कान, काखा खाजवत तो बाहेर आला आणि अंगणभर नाचू लागला. तानूबाईला हसू आले नाही. ती अकरा अंडी घेऊन उकिरड्याकडे गेली. ते बघून हैबतीचे नाचणे थांबले.

दुसऱ्या दिवशी गेनूतात्यांना खुराड्यातून दोन पाय बाहेर आलेले दिसले.

"अरे हैबती, रंगवून झालं होतं ना तुझं?"

"ते तुम्हाला दाखवायला होतं, तात्या," आतून आवाज आला. "हे कवडीसाठी आहे."

संध्याकाळी तो बाहेर आला तेव्हा केसांपासून कोपरांपर्यंत चुन्याने माखला होता. तानूबाईने त्याच्याकडे नीट पाहिले. या वेळी तिने काही विचारले नाही.

दोन महिन्यांनी कवडी पुन्हा खुडूक झाली. त्याच कोपऱ्यात नव्या अंड्यांवर बसली, आणि एकविसाव्या दिवशी पिले घेऊनच बाहेर आली.

तात्पर्य: बघणाऱ्याला दिसेल तेवढेच काम करून "झालं" म्हणू नये, ज्याला त्यात राहायचे आहे, त्याच्या कोपऱ्यापर्यंत आपला हात पोचला पाहिजे.