भुंग्याचा पट्टा

प्राणी मोटारीत बसायला नुकतेच शिकले होते, त्या काळची गोष्ट. शेवंताबाई आपल्या जुन्या जीपमधून भुंग्या कुत्र्याला आणि चांदी शेळीला घेऊन घाट उतरत होती. शेळी मागच्या सीटला बांधलेली होती. भुंग्याने मात्र पट्टा बांधूच दिला नव्हता. या खिडकीतून त्या खिडकीत त्याच्या सारख्या येरझाऱ्या चालल्या होत्या.

"अरे, बस की जरा!" शेळी वैतागली.

"बांधलेल्यांनी बसावं. मी पडलो तर माझा मी पडेन."

तेवढ्यात रस्त्यात एक माकड आडवं आलं. भुंग्या भुंकत थेट शेवंताबाईच्या हातांवर झेपावला. स्टिअरिंग गर्रकन फिरलं आणि जीप दरीच्या कठड्यावर धाडकन आदळून थांबली. भुंग्याला खरचटलंही नाही. शेवंताबाईच्या कपाळातून रक्त वाहत होतं, तरी ती त्यालाच चाचपत होती. "लागलं का रे, बाळा?"

भुंग्याला तिच्याकडे बघवेना.

जखम भरल्यावर पुन्हा घाट उतरायची वेळ आली. भुंग्या आपणहून पट्ट्यापाशी जाऊन उभा राहिला. वाटभर त्याचे पाय शिवशिवत होते.

"काचतो का रे?" शेळीने विचारलं.

"काचतो," भुंग्या म्हणाला, "पण तिचे हात मोकळे आहेत ना."