पाटावरची बंद पेटी

फार पूर्वी नदीच्या वळणावर एक गाव होते. गावाच्या मधून पाट वाहायचा आणि त्याचे पाणी जागोजागी दारे लावून वळवलेले असायचे. पाटात गाळ साठे, काठ खचत, म्हणून दर उन्हाळ्यात सगळे गाव मिळून तो नव्याने खोदत असे. पाट बदलला की दारेही पुन्हा जुळवावी लागत. त्यामुळे गावाची रीत होती: दार बसवणाऱ्याने ते कसे चालते हे चारचौघांत उलगडून दाखवायचे. पुढे ते सांभाळणे गावाचे काम. बनवणारा मेला तरी दार चालत राही.

एका कसबी लोहाराने पुराचे पाणी ओढ्यात सोडणारे दार बनवले. एका बोटाने उघडावे असे! पण त्याची कळ त्याने लोखंडी पेटीत बंद केली.

"पेटी उघडून दाखव," पाटाची राखण करणारा पाटकरी म्हणाला.

"म्हणजे उद्या दुसरा कुणी असंच दार विकेल! दर उन्हाळ्यात मी येऊन जुळवून देईन की."

"आणि तू आला नाहीस तर?"

"न यायला मला काय धाड भरलीय?"

दार इतके देखणे होते, की गावानेही रीत गुंडाळून ठेवली. सगळा दोष लोहाराच्या माथी मारून गावाला सुटता येणार नाही.

आधी लोहार नेमाने आला. मग धंदा वाढला. "जुनं दार कशाला जुळवता? नवं घ्या," असा निरोप येऊ लागला. मग एका वर्षी पाट खोल खोदला. गावाने बाकीची दारे जुळवली, हे एकच तसे राहिले.

पावसाळ्यात पूर आला. बाकीची दारे हलली, हे हलेना. खालच्या आळीत लोहाराची लेक नांदत होती, तिचे मूल तान्हे होते. लोहार धावत आला, पण पलीकडच्या काठावर. मधला साकव वाहून गेला होता.

"पेटी फोडा! आतला खिळा वर उचला!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. पाण्याच्या आवाजात कुणाला काही ऐकू आले नाही. पाटकऱ्याने घण घातला, तशी आतली कळ मोडून दार कायमचे अडकले. पाणी खालच्या आळीत शिरले. पहिले घर लेकीचे होते.

पूर ओसरल्यावर लोहाराने ती फुटकी पेटी गावापुढे उघडली आणि एकेक तुकडा दाखवला. पोरांनाही ते लगेच समजले.

"एवढंच होतं?" पाटकऱ्याने विचारले.

लोहार रडत होता.

तात्पर्य: संगणकाच्या मुळाशी चालणारा मुक्त कर्नल, म्हणजे कुणालाही वाचता-बदलता येणारी मूळ आज्ञावली, हाही सगळ्यांनी मिळून सतत नव्याने खोदलेला पाट आहे. यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांनो, तुमचे यंत्र चालवणारा कोड वेळेवर त्यात घाला, म्हणजे तुम्ही पलीकडच्या काठावर असाल तेव्हा तो सांभाळायला गाव असेल.