शिंपिणीची आत्या

माणसांचे बाजार भरू लागले त्याच्याही आधी ओढ्याकाठी पाखरांचा-जनावरांचा बाजार भरायचा. तिथे एक शिंपीण पाखरू पानं शिवून केलेल्या पिशव्या घेऊन बसे. अंडी घालायची वेळ जवळ आली होती आणि घरट्यासाठी तिला कापूस हवा होता. पिशवी देऊन तो घ्यायचा, असा तिचा बेत.

पण गिऱ्हाईक आलं की तीच आधी सांगे, "इथला टाका जरा वाकडा आलाय हं." मग न दिसलेला टाकाही दिसायचा आणि गिऱ्हाईक पुढे जायचं.

तिसऱ्या बाजारी कापूस घेऊन खार आली. शिंपीण म्हणाली, "या माझ्या आत्याने शिवल्यात." आणि काय नवल, तिची जीभच सुटली. "ओढून बघा, खारूताई! आत्याचा टाका पावसातही उसवत नाही."

खारीने पिशवी ओढून पाहिली. कापूस मात्र बगलेतच ठेवला. "हा मी शिवणारणीलाच देणार. बोलव आत्याला."

शिंपिणीने इकडेतिकडे पाहिलं. कापूस समोर होता आणि आत्या कुठेच नव्हती.

"आत्या नाही," ती पुटपुटली. "मीच शिवल्यात."

"ते मघाशीच कळलं गं बाई. आत्याचा दोरा तुझ्या चोचीला लोंबतोय. पण टाका उसवत नाही म्हणालीस, ते खरं ना?"

"ते खरंय."

"मग घे कापूस. आणि पुढच्या वेळी आत्याला घरी ठेव, तिची जीभ तेवढी घेऊन ये."

पुढच्या बाजारी ससा आला. "इथला टाका जरा..." शिंपिणीने पिशवी पुढे सरकवली. "ओढून बघा, ससेभाऊ. मी शिवलीय."