अर्जातला नववा प्रश्न

हे कुणाला सांगणार नाही, असं मी दस्तगीरचाचांना कबूल केलं होतं. म्हणून त्या देशाचं नाव इथे लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत.

"पण 'कोणी नाही' असं लिहायला हरकत काय आहे, चाचा?" निरंजनदादाने तिसऱ्यांदा विचारलं.

चाचा तंबोऱ्याच्या भोपळ्यावरून हात फिरवत राहिले…

मिरजेत आमच्या घरासमोर चाचांचं तंबोऱ्यांचं दुकान आहे. निरंजनदादा अकरा वर्षं त्यांच्याकडे शिकतोय. परदेशातल्या एका संगीतशाळेने त्याला सहा आठवडे जवारी शिकवायला बोलावलं होतं. तारा ज्या घोडीवरून जातात, तिची पाठ कानशीने अशी घासायची की तारेतून झंकार उठावा. तीच जवारी.

शिकवणं म्हणजे काम, आणि तिथे कामाला परवाना लागतो. अर्ज इंग्रजीत होता. माझं इंग्रजी बरं आहे म्हणून चाचांनी मला वाचायला बसवलं होतं.

"पुन्हा वाच, पोरी."

मी नववा प्रश्न पुन्हा मराठीत सांगितला. हे काम जाणणारी दुसरी कोणी व्यक्ती आमच्या, म्हणजे त्यांच्या, देशात आहे का? असल्यास नाव लिहा. नसल्यास 'कोणी नाही' असं लिहा. तिथे कोणी असेल तर बाहेरच्याला परवाना नाही. त्याखाली गुरूची सही.

"सलीम आहे," चाचा म्हणाले.

निरंजनदादा हसला. "आहेत ना. हॉटेलात भांडी घासतात. त्यांची कानस आता ताटांवर चालते."

चाचा हसले नाहीत.

सलीमभाई चाचांचे पहिले शिष्य. सहा वर्षांपूर्वी, मी तिसरीत असताना, ते त्याच देशात आठ दिवसांसाठी शिकवायला गेले होते. आठ दिवसांसाठी कसला परवाना, असं बोलावणारे म्हणाले. फिरायला आलोय म्हणून सांगा. चाचांनीही त्यांना तेच सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात अधिकारी उभे राहिले. सलीमभाई मागच्या दाराने निघून गेले. पासपोर्टाची पिशवी वर्गातच राहिली.

तेव्हापासून ते तिथे लपून आहेत. गेल्या वर्षी त्यांची आई गेली, तेव्हा मातीला येता आलं नाही. चाचांनी कबरीजवळ फोन धरला होता.

"त्यांचं नाव लिहिलं तर उद्या पोलीस त्यांच्या दारात," निरंजनदादा म्हणाला. "मग 'कोणी नाही' हेच बरं ना? त्यांच्याही भल्याचं आहे."

"त्याच्या भल्यासाठी लिहितोयस?"

"…दोघांच्या."

"बरं."

"आणि खोटं तरी कुठे आहे? कागदावर ते त्या देशात नाहीतच."

"कागदावर," चाचा म्हणाले.

"चाचा, उद्या शेवटची तारीख आहे." निरंजनदादाचा आवाज चढला. "अकरा वर्षं या भुशात बसलोय. माझ्यासारखी जवारी तिथे कुणाला येते? खरं सांगा. सलीमभाईंनी इतक्या वर्षांत कानस हातात तरी धरली असेल का? हात गेला असणार त्यांचा. मला येतं ते तुमच्याकडून आलंय. तुमचा हात आहे हा."

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं. मग फळीवरून एक कोरी हाडाची घोडी काढली, शिकंज्यात आवळली आणि कानस त्याच्यापुढे धरली.

"आत्ता?"

"आत्ता."

निरंजनदादाने बाही मागे सारली. कानस पुढे गेली, मागे आली. दुकानात तेवढाच आवाज होता. पांढरी पूड अर्जावर उडाली. मी फुंकर मारली नाही. मारावी की नाही, कळेना.

"थांब," चाचा म्हणाले. "शेवटी मनगट का उचललंस?"

"उचलायचंच असतं. नाहीतर कड मरते."

"कोणी सांगितलं?"

"तुम्हीच की."

चाचांनी कानस घेतली. त्यांचा हात हल्ली थरथरतो, पण कानशीवर टेकला की थरथरत नाही. त्यांनी एकदाच ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मनगट उचललं नाही. जड हात, सपाट, शेवटपर्यंत.

मी रोज शाळेतून आल्यावर या दुकानात बसते. तरी हे मी आजवर पाहिलं नव्हतं.

निरंजनदादाने पाहिलं. पुन्हा पाहायचं होतं त्याला, पण चाचांनी कानस खाली ठेवली.

"मी कधीच उचललं नाही," ते म्हणाले. "मला जमतच नाही ते. तू आलास तेव्हा माझे डोळे दुखत होते. पहिली पाच वर्षं तू कुणाशेजारी बसायचास?"

निरंजनदादाने घोडीच्या कडेवरून बोट फिरवलं.

बाहेर कुणीतरी तारांचं वेटोळं मागायला आलं. चाचांनी हातानेच त्याला नंतर ये म्हटलं.

"सलीमभाईंच्या," निरंजनदादा शेवटी म्हणाला. इतक्या हळू, की मला त्याच्या ओठांवरूनच कळलं.

चाचांनी अर्जावरची पूड तळहाताने पुसली. कागद त्याच्यासमोर सरकवला. माझ्या हातातला पेन घेऊन त्यावर ठेवला.

"आता लिही. तू जे लिहिशील त्याखाली मी सही करतो."

"चाचा… तुम्ही सांगा ना काय लिहू."

"एकदा मी सांगितलं होतं. सलीमला."

निरंजनदादाने पेन उचलला. तो जायला हवा, असं मला वाटत होतं. आणि सलीमभाईही कुठेतरी असायला हवेत, असंही. त्याने नवव्या प्रश्नापुढच्या चौकोनावर पेनाचं टोक टेकवलं. मनगट हललं. मी मान पुढे करून पाहिलं, तर पहिलं अक्षर…

"पोरी," चाचांनी मला हाक मारली. "इकडे ये. लिहिणाऱ्याकडे बघू नये."