पाला माशांचा पहिला थवा

फार मागे, खाडीच्या तोंडाशी राहणाऱ्या डॉल्फिनांचा एक नेम होता. अंडी घालायला नदीत शिरणाऱ्या पाला माशांचा पहिला थवा ते कधी खात नसत. मागून येणाऱ्या थव्यांवर त्यांचं भागे.

पुढे नदीवर धरणाची भिंत उभी राहिली आणि थवे आटत गेले. एका वर्षी एकच थवा आला, वर गेला आणि आठ दिवसांत अंड्यांनी भरल्या पोटानंच परतला. खाडीत एक डॉल्फिन आई भुकेल्या पिल्लासह येरझारा घालत होती.

"काय गं, इतक्यात परतलात?"

"वाटच नाही, मावशी. अंडी पोटातच राहिली," थव्यातली थोरली म्हणाली. "आता खा आम्हाला."

"पहिल्या थव्याला तोंड लावायचं नसतं."

"मागून कोण येतंय, तेवढं सांग. नेम पाळून पोराला मारणार आहेस?"

पिल्लू आईच्या कुशीला धडका देत होतं. आईनं थोरलीला धरलं आणि तिचे दोन तुकडे करून दोन्ही पिल्लाला दिले.

अंडी पाण्यात सांडली. खाऱ्या पाण्यात ती जगणार नाहीत, हे आईला ठाऊक होतं. तरी ओहोटी लागेपर्यंत ती त्यांच्याभोवती फिरत राहिली, कुणाला जवळ येऊ न देता.