शिळं मीडियम

"मग आता अजून काय घालू, बाई? मीठसुद्धा मोजूनमापून घातलंय!"

तुषार रेडकरचा आवाज जरा चढलाच.

कुमुदबाई पाटणकरांनी नुसतं वर पाहिलं. प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्त झाल्या तरी अडलेली माणसं अजून त्यांच्याकडेच यायची. तुषार मात्र कधी आला नव्हता. आज नाक मुठीत धरून त्यांना आपल्या प्रयोगशाळेत घेऊन आला होता.

घाटात एक खवल्या मांजर गाडीखाली आलं. त्याच्या कातडीचा तुकडा संस्थेत पोचला, आणि त्यातल्या जिवंत पेशी वाढवून जपण्याचं काम तुषारने मोठ्या तोऱ्यात मागून घेतलं. परदेशात शिकून आलेला गडी! पेशी ज्या गुलाबी पोषक पाण्यात वाढतात, त्या मीडियमची पाककृती त्याला तोंडपाठ. पण एकेका फ्लास्कमधल्या पेशी मरत गेल्या. आता शेवटचा उरला होता, आणि त्यातही पेशी तुरळकच, एकमेकींपासून दूरदूर चिकटलेल्या.

"साखर?" बाईंनी विचारलं.

"आहे."

"सीरम?"

"उत्तमातलं उत्तम."

"म्हणजे उपाशी नाहीत."

"नाहीत ना! तरी मरतायत."



तुषारला बसवेना. तो उठून इन्क्युबेटरच्या काचेतून डोकावून आला. बसला. परत उठला.

"मीडियम कधी बदलतोस?"

"रोज सकाळी. सगळंच्या सगळं. त्यातलं खाणं संपून ते पिवळं पडायची वाटच बघत नाही. आपल्याकडे शिळंपाकं चालत नाही, बाई." एवढ्या काळजीतही हे तो ऐटीत म्हणाला. सवय, दुसरं काय!

"आणि काढलेलं?"

"ब्लीचमध्ये. त्यात काय असतं? त्यांनी टाकलेला मळ."

"एवढंच?"



उत्तर त्याला येत होतं. परीक्षेत लिहून त्याने मार्कही मिळवले होते. पेशी नुसत्या खात नाहीत, स्वतःही काहीबाही पाझरतात, आणि त्याच्या आधाराने शेजारणी तग धरतात. पेशी दाट असल्या की रोजची सफाई खपून जाते. इथे त्या मूठभर होत्या. दिवसभरात त्या जे थोडंफार जमवत, ते हा सकाळी उठून उपसून टाकत होता.



"म्हणजे... मीच?"

बाईंनी हातमोजे चढवले आणि जंतूंपासून जपणाऱ्या हूडसमोर जाऊन बसल्या. "आण."

त्याने फ्लास्क आणून दिला. बाईंनी पिपेटने आतलं सगळं मीडियम ओढून घेतलं. तुषारने सवयीने ब्लीचचं भांडं पुढे सरकवलं.

बाईंनी पिपेट उजेडाकडे धरलं. क्षणभर पाहिलं... आणि सगळं, थेंबही न सांडता, हलकेच परत फ्लास्कमध्ये सोडलं.

"बाई, ते शिळं आहे!" त्याच्या तोंडून निघूनच गेलं.

"हो."

वरून त्यांनी ताजं मीडियम अगदी चमचाभर घातलं, झाकण लावलं आणि फ्लास्क त्याच्या हातात दिला. तुषारने तो इन्क्युबेटरमध्ये ठेवला. दार लावलं, पण मुठीवरचा हात काही निघेना.

"वाचतील?"

"कुणास ठाऊक."

"दुपारी एकदा बघतो."

"नको."

"मग संध्याकाळी? नुसतं बघतो, हात नाही लावत."

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

तुषारला रडू येत होतं, आणि स्वतःचा रागही. "मला नाही राहवत, बाई. ते जनावर तर गेलं. या गेल्या तर मी परत कुठून आणू? एवढ्यांचा जीव घेतला मी, आता हातावर हात ठेवून बसू?"

बाई हातमोजे काढत होत्या.

"निदान एवढं तरी सांगा... येऊ कधी?"

"पिवळं पडू दे. त्यांना तुझी आठवण झाली की ये."